'हार्म रिडक्शन'साठी मराठी शब्द: हानी, अपाय, आणि 'वंचित'चा अर्थ

प्रश्न: नशा पूर्ण सोडण्याची अट न घालता तिचे अपाय कमी करण्याच्या पद्धतीला, म्हणजे 'हार्म रिडक्शन'ला, मानसोपचाराच्या लेखनात 'हानी-न्यूनीकरण' म्हणतात. समोरच्या माणसाशी बोलताना हा शब्द तोंडात बसत नाही. त्याऐवजी 'व्यसनमुक्ती' चालेल का? आणि 'मार्जिनलाइज्ड'ला, म्हणजे समाजात कडेला ढकललेल्यांना, 'वंचित' म्हणावं की 'परिघावरचे'?

प्रतिसाद: 'व्यसनमुक्ती' नको. कुठे पोचायचं हे तो शब्द आधीच ठरवून टाकतो. या पद्धतीत पूर्ण सोडणं हा एक पर्याय असतो, दारात शिरायची अट नव्हे.

'हानी' बहुधा पिकाची होते, मालमत्तेची होते. माणसाच्या शरीरामनाला होतो तो 'अपाय'. छापायला 'अपाय-न्यूनीकरण' ठीक, पण बोलताना सरळ क्रियापद वापरा: 'अपाय कमी करू या'. क्रियापद आलं की लगेच विचारावं लागतं, कोणता अपाय? कशाने? रिकाम्या पोटी पिणं, अंदाजाने ओतणं, दुसऱ्याची सुई वापरणं, एकट्याने टोचणं हे चार वेगळे अपाय आहेत आणि चारही अपायांवरची पावलंही वेगळी: आधी जेवण, मापाने ओतणं, दर वेळी नवी सुई, सोबत कुणीतरी असणं. 'न्यूनीकरण' म्हटलं की हे सगळं एका नामाखाली झाकलं जातं.

'सोडा' हा शब्द तर जपूनच. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, २ ते ४ दिवसांत भ्रम आणि भास सुरू होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तिथे कमी करणं किंवा थांबवणं डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हावं.

प्रतिसाद: 'व्यसनी'बद्दलही बोलायला हवं. संस्कृतात 'व्यसन' म्हणजे संकटसुद्धा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यावरच्या आपत्तींना 'व्यसन'च म्हटलं आहे. मराठीत संकट गळून पडलं आणि माणसाचा दोष तेवढा उरला. शब्दाचा परिणाम तपासलाही गेला आहे. जॉन केली आणि कॅसांड्रा वेस्टरहॉफ या संशोधकांनी २०१० मध्ये एकाच व्यक्तीचं वर्णन दोन शब्दयोजनांत मनोआरोग्य क्षेत्रातल्या लोकांना वाचायला दिलं. 'गैरवापर करणारा' वाचलेल्यांनी त्या व्यक्तीला जास्त दोषी धरलं, शिक्षेकडेही ते जास्त झुकले. मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका डीएसएम-५ हिच्या २०१३ च्या आवृत्तीतून 'गैरवापर' हे निदान गेलंच.

'घसरला', 'पुन्हा वाया गेला' हेही टाळा. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दाखवलेला धोका हाच: एकदा घेतल्यावर 'आता सगळं संपलं' असं वाटलं की एकाचे दहा होतात. 'परत घेतलं का? किती?' एवढंच विचारा. 'किती'ला खरं उत्तर मिळणं जिवाशी निगडित आहे. काही आठवडे खंड पडला की शरीराची सवय उतरते, आणि हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थाचं जुनंच प्रमाण जीवघेणं ठरू शकतं. अशा अतिमात्रेवरचं नॅलोक्सोन हे औषध श्वास परत आणतं, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला एकटं सोडू नये, तातडीची मदत बोलवावीच. ज्याला 'घसरला' ऐकायची भीती आहे, तो खंडही सांगत नाही आणि प्रमाणही.

प्रतिसाद: 'वंचित'च ठेवा, आणि त्याचा मूळ अर्थ जागा ठेवा. 'वंचना' म्हणजे फसवणूक. 'वंचित' म्हणजे ज्याला फसवलं तो. म्हणजे फसवणारं कुणीतरी आहे. 'परिघावरचे'मध्ये माणसं जणू आपोआपच कडेला जाऊन बसलेली.

शिवाय मराठीत 'पासून' लागल्याशिवाय हा शब्द पुरा होत नाही. कशापासून वंचित? घरापासून, औषधापासून, झोपेपासून? केसच्या नोंदीत नुसतं 'वंचित गट' लिहू नका, वाक्य पुरं करा. रस्त्यावर झोपणारी बाई रात्री हल्ल्याच्या भीतीने जागं राहायला उत्तेजक घेत असेल आणि नोंदीत 'बदलाची प्रेरणा कमी' आलं, तर निदानच चुकलं. 'सुरक्षित झोपेपासून वंचित' लिहिलं की पुढचं काम कागदावरच दिसतं: रात्रीच्या निवाऱ्याची सोय. ती होईपर्यंत तिच्या हातातलं एकमेव संरक्षण काढून घ्यायची घाई करू नये. 'हे घेतल्याने तुम्हाला काय मिळतं?' हा प्रश्न 'का घेता?'च्या आधी यावा. 'का'मध्ये जाब ऐकू येतो.

मूळ प्रश्नकर्ता: मग पहिल्या भेटीच्या फॉर्मवरचं 'व्यसन: आहे / नाही' काढून काय लिहावं?

प्रतिसाद: 'काय घेता, किती, कशासोबत, कुणासोबत, आणि त्यातलं काय बदलावंसं वाटतं?' शेवटच्या प्रश्नाला 'काहीच नाही' हेही उत्तर चालतं, आणि पुढच्या भेटीची वेळ तरीही द्यायची.