मदत हवी आहे: खिचडीआधी मुलगी ‘बिस्मिल्लाह’ म्हणते, शनिवारी समितीची सभा आहे

झेडपीवाली मॅडम

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गाव आणि तालुका मुद्दाम सांगत नाही. पहिली ते चौथी, पट एकतीस, शिक्षक दोन. मुख्याध्यापकाचा प्रभार ज्या सरांकडे आहे त्यांचा अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, त्यामुळे पोरं बहुतेक वेळ माझ्याच अंगावर.

आमच्याकडे खिचडी वाढून झाली की सगळे हात जोडून ‘वदनी कवळ घेता’ म्हणतात. मी लहानपणी म्हणायचे, माझ्याआधीच्या बाई म्हणवून घ्यायच्या, तसंच पुढे चालू. तिसरीत एक मुसलमान मुलगी आहे. वडील गाद्या भरतात, हंगामात गावोगाव फिरतात. आई कापूस वेचायला जाते. पोरगी सगळ्यांबरोबर ओळीत बसते, श्लोक संपेपर्यंत थांबते, मग हळूच ‘बिस्मिल्लाह’ म्हणून पहिला घास घेते. दोन वर्षांत कोणाला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात तिची जिवाभावाची मैत्रीणही तिच्यासोबत म्हणायला लागली. या वयात एकीला खोकला आला की चौघी खोकतात, तसं ते. नेमकं त्या दिवशी टाकीचा नळ बसवायला गावातला एक पोरगा आला होता. त्यानं मोबाइलवर दहा-बारा सेकंदांची क्लिप काढली आणि गावाच्या ग्रुपवर टाकली, खाली ओळ: ‘पाहा, शाळेत हे शिकवून रायले.’

संध्याकाळपर्यंत मैत्रिणीचे वडील दारात. “मॅडम, आमच्या पोरीले हे काऊन शिकवता?” मी शिकवलं नाही हे सांगता सांगता घसा कोरडा पडला. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणाले, एक तर सगळ्यायनं एकच म्हणायचं, नाही तर कोणीच काही म्हणायचं नाही. त्यावर समितीतले एक बौद्ध पालक उसळले, “मग आमच्या पोरायले श्रीहरी काऊन म्हणाले लावता? आम्ही कधी काही बोललो का?” आता सगळं शनिवारच्या सभेवर येऊन ठेपलंय.

एक गोष्ट लपवत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला जवळ बोलावून सांगितलं, “बेटा, मनातल्या मनात म्हणत जा.” मला वाटलं मी तिला वाचवतेय. तेव्हापासून ती माझ्याशी कमी बोलते.

सरकारी शाळेत पोरानं स्वतःहून स्वतःची प्रार्थना म्हटलेली चालते की नाही? चालत असेल तर किती मोठ्यानं? आणि सभेच्या प्रोसिडिंगमध्ये काय लिहायचं, कारण ते रजिस्टर उद्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाणार. कृपया भांडू नका, मला शनिवारपर्यंत उत्तर हवंय.

काळा कोट

मॅडम, तालुका कोर्टात वकिली करतो, घटनात्मक प्रकरणं रोज येत नाहीत, पण हा भाग पक्का आहे.

राज्यघटनेचं कलम २८ बघा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. त्याच कलमाच्या तिसऱ्या भागात म्हटलंय की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. हे सगळं बंधन शाळेवर आहे, पोरावर नाही. पोराला कलम २५ आहे, म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य. त्याला मर्यादा सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची. एका घासाआधी एक शब्द पुटपुटल्यानं यातलं काय बिघडतं ते मला कोणी सांगावं.

केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, गायची मात्र नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं. आपल्याकडचंच हवं असेल तर नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नव्हते, म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मास्तरावर हात जोडायची सक्ती नाही, तर तिसरीतल्या पोरीवर कुठून येणार?

एक सावधगिरी. श्लोक हे धर्मशिक्षण की संस्कार, हा वाद सभेत जिंकायला जाऊ नका. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेवरचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवला. त्यांनाही तो सोपा वाटला नव्हता, तुमच्या समितीला चहा संपेपर्यंत कसा सुटेल.

रोखठोक

शाळेत देव पाहिजेच कशाला? सगळंच बंद करा, पाढे म्हणवून घ्या. प्रश्न मिटला.

निवांत वर्धेकर

रोखठोक, चाळीस पोरं भुकेली बसली की त्यांना गप्प करायला काहीतरी लागतं, हे वर्गावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मॅडम, मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. आपल्या भागात प्रार्थना ही काही बाहेरून आलेली भानगड नाही. सेवाग्रामला बापूंच्या प्रार्थनेत सगळ्या धर्मांचं असायचं. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना अजून कितीतरी गावांत संध्याकाळी होते. मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथीला मौन श्रद्धांजली पाहिली आहे का कधी? एवढा मोठा समुदाय एकदम उभ्या जागी गप्प होतो. शेजारी कोण आणि तो मनात काय म्हणतोय, कोणी विचारत नाही. अध्यक्षांना हे उदाहरण द्या, कोर्टाचे निकाल देऊ नका. गावात निकाल सांगितला की समोरचा म्हणतो, मॅडम कायदा दाखवून रायल्या.

माझी सूचना अशी: घंटेचा एक टोल, सगळे शांत, ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं किंवा म्हणू नये, दुसरा टोल, जेवण सुरू. परिपाठ आहे तसाच राहू द्या. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, २०२० पासून आलेलं संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन, त्यात हात घालू नका. एका वेळी एकच विस्तव.

निळी पहाट

त्या बौद्ध पालकांसारखाच मीही. दिग्रसकडचा. आमच्या शाळेतही हेच म्हणायचे. माझे आजोबा १९५६ ला नागपूरला दीक्षा घेऊन आलेले, घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर. मी घरी त्या वाचायचो आणि दुपारी शाळेत हात जोडायचो. कोणी मारलं नाही, कोणी सक्तीही केली नाही. नुसतं सगळे जोडायचे म्हणून. चौथीत एक दिवस हात मांडीवर ठेवले. गुरुजींनी पाहिलं, काही बोलले नाहीत, पुढच्या पोराच्या ताटात खिचडी वाढली. त्या न बोलण्याबद्दल मी आजही त्यांना मानतो.

मॅडम, तुम्ही बोललात, तिथं गडबड झाली. राग मानू नका.

हडसनकाठचा वर्धेकर

इकडचं सांगतो, तुलनेला. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळानं फक्त बावीस शब्दांची, कोणत्याच पंथाचं नाव नसलेली प्रार्थना तयार केली होती. नको असेल त्यानं गप्प बसावं, इतकी मोकळीकही होती. तरी १९६२ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. प्रार्थना रचणं हे सरकारचं कामच नाही, असं म्हणाले. पण एखादं पोर डबा उघडून स्वतःच पुटपुटलं तर त्याला कोणी अडवू शकत नाही. लोक इथंही हे दोन्ही एकच समजतात आणि साठ वर्षांनंतरही भांडतात.

झेडपीवाली मॅडम

सगळ्यांचे आभार. निळी पहाट, राग नाही. दोन दिवस तेच वाक्य डोक्यात आहे.

काळा कोट, त्या क्लिपचं काय करू? दोन्ही पोरींचे चेहरे दिसतात. एका नातेवाइकानं ती पुढे तालुक्याच्या ग्रुपवरही टाकली म्हणे.

काळा कोट

आधी पोलीस पाटलांना सोबत घेऊन त्या पोराच्या घरी जा, आईवडिलांसमोर डिलीट करायला सांगा. बहुतेक वेळा तेवढ्यावर मिटतं. दोन समाजांत तेढ लावायला कोणी ती मुद्दाम फिरवत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. पण ते शेवटचं, पहिलं नव्हे. सभेत एक स्वतंत्र ठराव घ्या: शाळेच्या आवारात मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय मुलांचं चित्रीकरण नाही. त्याला कोणताच गट विरोध करणार नाही, आणि सभेची सुरुवात एकमतानं होईल. क्रम महत्त्वाचा असतो.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे. ‘तू हे म्हणायचं नाही’ असं पोरीला चारचौघांत कोणी सुनावलं, तर हे कलम लक्षात असू द्या.

झेडपीवाली मॅडम

सभा झाली. चित्रीकरणाचा ठराव आधी, पाच मिनिटांत मंजूर. मग श्लोकावर दीड तास. मी मोझरीचं सांगितलं तेव्हा अध्यक्ष गप्प झाले. त्यांचे वडील तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे निघाले. शेवटी प्रोसिडिंगमध्ये असं लिहिलं: ‘भोजनापूर्वी शांतता पाळण्यात येईल. त्या वेळात प्रत्येक विद्यार्थी आपल्या इच्छेनुसार प्रार्थना म्हणेल किंवा म्हणणार नाही. शिक्षक कोणतीही प्रार्थना सांगणार नाहीत व कोणालाही अडवणार नाहीत.’ नऊ सह्या, एक अंगठा. मैत्रिणीच्या वडिलांनी सही केली नाही, पण पोरीची जागाही बदलून मागितली नाही.

एक मिनिट ठरलं होतं. सोमवारी घंटा झाली आणि आठव्या सेकंदाला पहिलीतल्या एकानं विचारलं, “मॅडम, झालं का?” खिचडीवाल्या मावशी पळी घेऊन उभ्या होत्या, त्याच हसल्या. आता दहा सेकंदांवर आलोय. अर्धी पोरं सवयीनं अजून श्लोकच म्हणतात, म्हणू देते.

पण ती काहीच म्हणत नाही. ताटाकडे बघत बसते आणि दुसऱ्या टोलानंतर जेवते. वडील गेल्या आठवड्यात येऊन गेले, म्हणाले, “मॅडम, राहू द्या, ती नाही म्हणणार आता.” मी तिला ‘म्हण’ म्हणू शकत नाही, तसा ठराव मीच माझ्या हातानं लिहिलाय. ‘मनातल्या मनात’ हे माझे शब्द होते, ते परत कसे घेऊ?

निळी पहाट

इतक्या दिवसांत तिच्या आईशी बोललात का?

झेडपीवाली मॅडम

नाही. पाचला वेचणीहून येतात. आज जाते.