नेट चालू ठेवा, पण शेजारी बसून बघा

प्रोग्रामर निवडताना ‘नेट उघडं ठेवलं की उमेदवार सरळ कॉपी मारतात’ असं कुणीतरी लिहिलंय. घरी सोडवायच्या चाचणीपुरतं मान्य. समोर बसवून घेतलेल्या मुलाखतीत मात्र माझा अनुभव उलटा आहे. आमचं काम पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत. तिथे मजकुरात शब्द कुठे आहे ते सांगणाऱ्या ‘स्ट्रपॉस’ या फंक्शनला आधी मजकूर द्यायचा, मग शोधायचा शब्द; यादीत शोधणाऱ्या ‘इन ॲरे’ला नेमकं उलटं. रोज कोड लिहिणारेसुद्धा मॅन्युअल उघडून खात्री करतात. मग हे पाठ आहे का, हे तपासून काय हाती लागणार?

मागे दोघांना एकच काम दिलं होतं, मजकुरात शब्द आहे का ते सांगा. पहिल्यानं शोधून सापडलेलं पहिलं उत्तर चिकटवलं, एकदा चालवलं आणि ‘झालं’ म्हणाला. दुसरीनं मॅन्युअलमधली ‘स्ट्रपॉस’बद्दलची ताकीद वाचली: शब्द अगदी सुरुवातीलाच असेल तर ० परत येतो (जागा शून्यापासून मोजतात) आणि ‘इफ’च्या अटीत तो ‘नाही’ असाच धरला जातो. तिनं आपणहून ‘फॉल्स’शी, म्हणजे ‘सापडला नाही’ या उत्तराशी, काटेकोर तुलना घातली आणि पहिलाच शब्द देऊन चालवून दाखवलं. नेट बंद असतं तर हा फरक मला दिसलाच नसता.