‘आसिएत’ म्हणजे फक्त ताटली का?

प्रश्न : फ्रेंचच्या धड्यात ‘ज न स्वी पा दाँ मोन आसिएत’ असं वाक्य आलंय. ‘आसिएत’ म्हणजे जेवायची ताटली, एवढं ठाऊक आहे. मग ‘मी माझ्या ताटलीत नाही’ याचा अर्थ काय लावायचा? ताटलीत कोण बसतं?

उत्तर : बसण्याचाच मामला आहे! हा शब्द ‘आस्वार’ (बसणे, बसवणे) या क्रियापदाच्या गोतावळ्यातला. आधी अर्थ होता बैठक. मग जेवणाऱ्याची पंक्तीतली जागा, आणि शेवटी त्या जागेवर मांडलेली ताटली. मराठीत गाडी उलट्या दिशेने गेली. पान मुळात केळीचं, पण ‘अजून चार पानं घ्या’ म्हणताना आपण माणसं मोजतो.

जुना अर्थ मेलेला नाही. घोडेस्वाराची ‘आसिएत’ म्हणजे त्याची मांड. विमानाचं नाक किती वर, किती खाली, तीही आसिएतच. ‘आसिएत द लँपो’ म्हणजे कर ज्यावर आकारायचा तो आधार. कर आपणही ‘बसवतो’च की. तेव्हा तुमच्या वाक्यात ताटली नाहीच, बिघडलीय ती मनाची किंवा तब्येतीची बैठक. मराठीत ‘आज काही बरं वाटत नाहीये, कशात लक्ष नाही’. वाक्य नकारार्थीच चालतं. ‘मी माझ्या आसिएतमध्ये आहे’ असं सहसा कुणी म्हणत नाही. आणि ‘तो’ म्हणायचं तर ‘मोन’चं ‘सोन’ करा.

आणखी एक : ‘पीक-आसिएत’ विसरलात. बिनबोलावता जेवायला टपकणारा, आपला ऐतखाऊ. शार्त्र गावात रेमाँ इझिदोर (१९००–१९६४) नावाचा स्मशानभूमीतला झाडूवाला फुटक्या ताटल्या, काचा वेचून आणायचा. त्यांचे तुकडे त्याने घराच्या भिंतींवर, जमिनीवर, खुर्च्यांवर, अगदी शिवणयंत्रावरही जडवले. लोकांनी त्याला ‘पिकासिएत’ म्हणून चिडवलं. कोटीत पिकासोही आलाच. आज ते घर ‘मेझाँ पिकासिएत’ म्हणून पाहायला खुलं आहे. चिडवणारे कोण होते, कुणाच्या लक्षात नाही.

पुरवणी : ‘आसिएत ओ बर’, शब्दशः लोण्याची ताटली, म्हणजे सत्तेतली मलई. मलईदार खात्यासाठी आपल्याकडे जी रस्सीखेच चालते, तिला चपखल. याच नावाचं व्यंगचित्र साप्ताहिक पॅरिसमध्ये १९०१ ते १९१२ निघत होतं. पानभर चित्रं, आणि पुढारी, पाद्री, लष्कर कुणालाच सोडायचं नाही.

शाकाहारी मंडळींसाठी : मेन्यूवर ‘आसिएत आँग्लेझ’, म्हणजे ‘इंग्रजी ताटली’, दिसली तर चहा-बिस्किटं समजून मागवू नका. मांसाचे थंड काप येतात.