क्रॅब केक तव्यावर फुटतोय, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी, मी सांगलीची. भाऊ अमेरिकेत बाल्टिमोरला असतो, त्याच्याकडे गेले होते तेव्हा तिथला क्रॅब केक, म्हणजे खेकड्याच्या मांसाची टिक्की, खाल्ला आणि तेव्हापासनं ती चव डोक्यातनं जातच नाय. रविवारी बाजारातनं मोठे खेकडे आणले, उकडले, दोन तास बसून मांस काढलं, नांग्या फोडताना बोटं सोलली, आणि तव्यावर पहिल्याच पलटीला सगळा भुगा. मग उरलेल्यात बटाटा घातला तर नुसती बटाट्याची टिक्की झाली, खेकडा कुठं लागेचना. बांधायला काय घालू? कांदा-लसूण मसाला चालेल का? आणि कृष्णेतले खेकडे घेतले तर?

कराडकर: ताई, बटाटा अजिबात नको. मी मेरीलँडला, म्हणजे बाल्टिमोरच्याच राज्यात, सहा वर्षं होतो, तिथं जितकं बांधण कमी तितका केक चांगला. तिथल्या चेसापीक खाडीतला निळा खेकडा, त्याच्या मागच्या वल्ह्यासारख्या पायांना जोडलेले दोन मोठे स्नायू असतात, ते अख्खे पांढरे तुकडे म्हणजे जम्बो लम्प, सगळी किंमत त्याची, म्हणून मिसळताना कुस्करायचं नाही, हातानं हलकं वरखाली करायचं. अर्धा किलो मांसाला एक अंडं, चार चमचे मेयोनीज, चमचाभर वाटलेली मोहरी, पाच-सहा खारट बिस्किटांचा चुरा, बास. तुमचं फुटलं ते पाण्यानं. उकडू नका, वाफवा, मांस फडक्यात निथळू द्या आणि केक वळून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मगच तवा. ओव्हन असेल तर वरनं आच लावून भाजा, पलटायची भानगडच नको. कांदा-लसूण मसाल्यानं खेकड्याचा गोडवा पार मरतो. तिथं ओल्ड बे मसाला घालतात, जर्मनीतनं नाझींच्या छळाला कंटाळून आलेल्या गुस्ताव ब्रूननं १९३९ मध्ये बाल्टिमोरात काढलेला, त्यात सेलरीचं मीठ, मिरी, लाल मिरची असं असतं. आपल्याकडं मिरी आणि चिमूटभर तिखट पुरतं.

वाळव्याची सून: नदीचे नका घेऊ वहिनी, एवढ्याशा खेकड्यात मांस निघतं किती! शिवाय गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसात जाणारे जंत असू शकतात, असे खेकडे पूर्ण शिजवूनच खायचे, आमच्याकडं रश्श्यात चांगले उकळतात म्हणून चालतं. केकला रत्नागिरीकडनं येणारे समुद्राचे बघा, हातात घेऊन जड लागेल तोच घ्यायचा, हलका म्हणजे आत पोकळ. आणि कवचं टाकू नका, वाटून गाळून त्याचाच रस्सा करा, कांदा-लसूण मसाला तिथं घाला की भरपूर.

प्रश्नकर्ती: काल वाफवून, फडक्यात बांधून, फ्रीजमध्ये ठेवून केले. सहातला एकच मोडला, तोही मी घाईनं उलथनं घातलं म्हणून. भावाला फोटो टाकलाय.