शब्दचर्चा: किडा, कृमी आणि हुळू

टिळकवाडी, बेळगाव:
मुलगी सहावीत आहे, मराठी माध्यम. तिनं वहीत लिहिलं, "गांडूळ हा शेतकऱ्याला उपयोगी किडा आहे." वही तपासून आली ती 'किडा' खोडून, वर लाल शाईत 'कृमी'. सासूबाई म्हणतात, कृमी म्हणजे पोटातले जंत, ते नाव गांडुळाला कशाला? शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, त्यांच्याकडं सगळ्याला एकच शब्द, हुळू. पोरगी रुसून बसलीय. बरोबर काय?

खानापूर:
ताई, आधी तिला सांगा की रुसू नकोस, तुझा शब्द घरात-शिवारात बरोबरच आहे. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'किडा' हा बोलण्यातला शब्द. लहान, वळवळणारं ते सगळं किडा. 'कीटक' मात्र शास्त्रात मोजूनमापून वापरतात: सहा पाय आणि डोकं, छाती, पोट असे शरीराचे तीन भाग. त्या हिशेबानं कोळीसुद्धा कीटक नाही, त्याला आठ पाय. गांडुळाला तर पायच नाहीत. तेव्हा 'गांडूळ हा कीटक' असं लिहिलं असतं तर चूक होती. 'किडा' लिहिलं ही चूक नव्हे, फक्त ढोबळ.

आता 'कृमी'. हा शब्द आकार सांगतो, कूळ सांगत नाही. चपटकृमी वेगळे, गोलकृमी वेगळे, आणि गांडूळ तिसऱ्याच घरातलं, वलयी प्राण्यांच्या संघातलं. सासूबाईंचे जंत हे गोलकृमी, त्यांच्या अंगावर गांडुळासारख्या खऱ्या कड्या नसतात. हा भेद नुसता शब्दांचा नाही. 'गांडूळ मधोमध तोडलं की त्याची दोन होतात' असं पोरं हमखास सांगतात आणि खुरप्यानं तोडूनही बघतात. तुकड्यातून पुरा जीव उभा राहतो तो प्लॅनेरिया नावाच्या चपटकृमीचा. गांडुळाच्या डोक्याकडच्या भागाला कधीकधी शेपूट परत फुटतं, पण शेपटाकडचा तुकडा मरतो. दोघांना एकाच 'कृमी'त कोंबलं की एकाचा गुण दुसऱ्याला चिकटतो आणि गांडूळ हकनाक मरतं.

मुलीला एक करून दाखवा. पावसानंतर वर आलेलं एक गांडूळ हलक्या हातानं कागदावर ठेवा आणि कान जवळ न्या. बारीक खरखर ऐकू येते. आपल्याकडच्या नेहमीच्या गांडुळाला जवळपास प्रत्येक कडीवर राठ केसांचं वर्तुळ असतं, दृढरोम म्हणतात त्यांना. त्यांनीच ते माती धरतं, पायांचं काम तेच करतात. डोक्याकडं 14 ते 16 या कड्यांवर जाड पट्टा दिसेल, तिथून अंड्यांचा कोश तयार होतो. बघून झालं की लगेच ओल्या मातीत सोडायला सांगा. त्याला फुफ्फुसं नाहीत, ते कातडीनं श्वास घेतं. कातडी वाळली की गुदमरतं.

आमच्या आजीच्या तोंडी 'दानवं' होतं. घाट उतरून कोकणात गेलं की 'काडू'. कन्नडमध्ये एरेहुळू, तिथं एरे म्हणजे गळाला लावायचं आमिषही, आणि काळ्या जमिनीलाही एरे म्हणतात. अक्कांचं हुळूही तोडकं समजू नका. जेनुहुळू मधमाशी, रेश्मेहुळू रेशीमकिडा. पुढचा शब्द ते नेमका जोडतात.

निपाणी:
सर, मग गोगलगाय? आमच्याकडं सोयाबीन उगवून वर आलं की कोवळ्या पानांवर तुटून पडते. ती पण कृमीच का?

खानापूर:
नाही हो दादा, ती मृदुकाय, शिंपल्यांच्या गोतातली. तिच्यावर तर दोन्ही भाषांनी जीव ओतलाय. आपण तिला गाय केलं आणि कन्नडनं बसवनहुळू, म्हणजे बसवाचा, नंदीचा किडा. डोक्यावरची शिंगं बघा, कळेल. शिंगांच्या दोन जोड्या असतात, लांब जोडीच्या टोकाला डोळे. बोट नेलं की डोळ्यासकट शिंग आत ओढून घेते.

आणि आपली म्हण, "गोगलगाय नि पोटात पाय". वरून गरीब, आतून बेरकी अशा माणसाला लावतो. पण ती काचेवर चढवून खालून बघा, पोटाचा अख्खा तळ लाटेसारखा सरकत असतो. तोच तिचा पाय. शास्त्रातलं नाव उदरपाद, म्हणजे तेच की! मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा वर्गात म्हण आधी सांगायचो, व्याख्या मागनं. पाठीवर शंख असलेली शंखी, नसलेली शेंबडी.

जळूचंही सांगून ठेवतो, पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं येणाऱ्यांच्या कामाला येईल. तिला लोक किडा म्हणतात, पण ती गांडुळाची भाऊबंद, कड्यांचीच. तोंडात तीन जबडे, म्हणून जखम तीन पात्यांची दिसते. लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही, म्हणून ती सुटल्यावरही रक्त वाहत राहतं. कन्नडमध्ये जिगणे.

टिळकवाडी:
सर, कागदाची खरखर ऐकली! पोरगी दोनदा ऐकून आली आणि स्वतःच गांडूळ कुंडीत सोडलं. वहीत आता 'गांडूळ हा वलयी प्राणी आहे' असं लिहिलंय, खाली कंसात 'दानवं'. शब्दकोशात 'शिदोड' हाही शब्द सापडला. आपल्या भागात कुणी म्हणतं का?