शब्द हवा : 'रिसेप्टर' (डोळ्यांच्या ॲलर्जीचं पत्रक)

निळीशाई
पालकांसाठीचं एक पत्रक मराठीत करतेय. उन्हाळा लागला की ज्या मुलांचे डोळे सारखे खाजतात, लाल होतात, चिकट तार सुटते, त्यांच्यासाठी. अडलेलं वाक्य असं : 'मास्ट पेशींवरच्या ग्राहींवर आयजीई ही प्रतिपिंडं आधीपासून बसलेली असतात. परागकण आले की पेशी हिस्टामिन सोडते, आणि ते चेतातंतूंवरच्या ग्राहींना चिकटलं की खाज सुटते.' रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागेला रसायन येऊन चिकटतं तिला, मी 'ग्राही' लिहिलंय. संपादक म्हणतात, ग्राही कोणाला कळणार?

वैद्यबुवा
ग्राही नकोच. आमच्याकडे आयुर्वेदात ग्राही म्हणजे मल बांधणारं द्रव्य. सुंठ, जिरं. डोळ्यात जिरं घालणार आहात का?

अर्धविराम
'कार्य' आणि 'शक्ती' भौतिकशास्त्रात वेगळ्याच अर्थाने बसलेत, कुणाचं अडलंय? ग्राही राहू द्या. वापरला नाही तर रुळणार कसा?

चहाबाज
हिस्टामिन चालतं, मास्ट चालतं, आयजीई चालतं, आणि सोवळं फक्त रिसेप्टरला! ज्या आईचं पोर रात्रभर डोळे चोळतंय तिला थेंब कधी घालायचे ते सांगा.

गोळीवाली
'कुलूप' सुचवणार होते, हिस्टामिन ही किल्ली. चेतातंतूवरच्या एच-१ रिसेप्टरला, म्हणजे हिस्टामिन जिथे चिकटतं त्याला, ते चालेल. ओलोपॅटॅडिन या ॲलर्जीच्या औषधाचे थेंब तिथेच आडवे येतात, शिवाय मास्ट पेशीलाही आवर घालतात. पण मास्ट पेशीपाशी कुलूप-किल्ली फसते. तिथे एका परागप्रथिनाने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना जोडावं लागतं, तेव्हा पेशी फुटल्यासारखी हिस्टामिन भरलेले कण बाहेर टाकते. नुसतं एकाला चिकटून भागत नाही.
जाता जाता : कॉलेजात आम्ही 'मस्त पेशी' म्हणायचो. फारसी 'मस्त'चा काही संबंध नाही. पाउल एर्लिकने १८७८ मध्ये जर्मनमध्ये नाव दिलं, खाऊनपिऊन पुष्ट झालेली पेशी अशा अर्थाने. आतले कण म्हणजे साठवलेलं अन्न, असं त्याला वाटलं होतं.

अर्धविराम
मग 'पुष्टपेशी' करा की! मास्ट कशाला?

चहाबाज
करा. आणि ॲलर्जीला 'अधिहर्षता' लिहा. पोराचे डोळे सुजलेत आणि आपण हर्ष करतोय.

वैद्यबुवा
हसू नका. हर्ष म्हणजे नुसता आनंद नव्हे. रोमहर्ष म्हणजे अंगावर काटा, दंतहर्ष म्हणजे गार लागलं की दात शिवशिवणं. अतिसंवेदनेला याहून नेमका शब्द दाखवा. पीर्के नावाच्या डॉक्टरांनी १९०६ मध्ये ग्रीक तुकडे जोडून 'ॲलर्जी' घडवला, तो तरी कुणाच्या आजीला कळत होता?

काजूगर
आमच्या आजीला 'वावडं' कळायचं. कोळंबीचं वावडं, धुळीचं वावडं.

निळीशाई
वावडं घेते, छान आहे. पण 'डोळे आले' कुठेही येऊ द्यायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. ते वाचून लोक पोराला वेगळा टॉवेल देतात, शाळा बुडवतात, आणि मागच्या वेळचे उरलेले स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनाने घालत राहतात. त्याने डोळ्याचा दाब वाढतो. ही साथ नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. ग्राहीचं मात्र अजून...

काजूगर
वावडं कोळंबीचं हो, पण परागांचं कसं? वावडं खाण्याचं असतं. धुळीचं मीच वर लिहिलं, पण आता म्हणून बघतोय तर कानाला खटकतंय.

वैद्यबुवा
खटकायचं काय त्यात? आमच्या गावात सासूचंसुद्धा वावडं असतं.