रेशनवरची चोरी अंगठ्यानं थांबली का?

पर्वती पायथा
आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींच्या कार्डावर पाच नावं. प्राधान्य कुटुंब, म्हणजे माणशी 5 किलो, एकूण 25. परवा पिशवी हलकी वाटली म्हणून घरच्या काट्यावर ठेवली, तर 21 भरली. मशीनवर अंगठा घेतला, पावती नाही. "कागद संपलाय" हे तीन महिने चाललंय. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे, त्यामुळे कुणी भांडतही नाही. मावशीच म्हणाल्या, "फुकटचं तर आहे." फार लागलं ते मनाला. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे तो! पावती आणि वजन बघितल्याशिवाय कुणीही दुकान सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुकानदाराची लेक, हडपसर
बोलणं सोपं आहे. गोदामातून आलेलं 50 किलोचं पोतं आमच्याकडे कधी 49 भरतं, कधी त्याहून कमी. ती तूट बाबांनी कुठून भरायची? त्यात सर्व्हर बंद पडला की रांगेच्या शिव्या आम्हालाच. पण 25 मागे 4 किलो ही पोत्यातली तूट नव्हे. त्याची तक्रार कराच, रेशनच्या 1967 या हेल्पलाइनवर.

येरवडेकर
मला मूळ मुद्दाच पटत नाही. तो अंगठाच काढा. माझी आत्या 74 वर्षांची, जन्मभर भांडी घासली, बोटांवर रेषा उरल्यात कुठे? पदराला पुसून पुसून पाच वेळा बोट ठेवलं, मशीन घेईना. कार्डावर ती एकटीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा अंगठाही चालत नाही. दोन महिने रिकाम्या हातानं परत आली. चोर धरायच्या नादात हक्काचं माणूस उपाशी राहतंय.

पर्वती पायथा
आत्यांचं वाचून वाईट वाटलं. पण अंगठा काढला की पुन्हा वहीत कुणाच्याही नावापुढे कुणीही सही ठोकणार, आणि मेलेल्यांच्या नावावर धान्य उचललं जाणार. अंगठा राहू दे, तो जुळला नाही तर दुसरी सोय त्याच दिवशी, दुकानातच हवी.

सिंहगड रोड
तुम्ही किलोवर भांडताय, इकडे खाती रिकामी होताहेत. "ई-केवायसी करा, नाहीतर कार्ड बंद" असा मेसेज, सोबत एक फाईल. शेजारच्या काकांनी ती मोबाईलमध्ये घेतली आणि खात्यातले 18 हजार गेले. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) रेशन दुकानात होते, पैसे लागत नाहीत. ओटीपी कुणालाही सांगू नका. फसलात तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

पर्वती पायथा
हे मावशींना आजच सांगतो. शनिवारी त्यांच्याबरोबर दुकानात जाणार आहे, पावती घेऊनच येईन.

येरवडेकर
तुम्ही शेजारी उभे आहात म्हणून मिळेल. मागच्या रांगेला कोण देणार?